अळणी पितळी

लग्न होऊन मी या घरात आले आणि वर्षाच्या आत माझ्या सासूचं अंग भरलं. त्याचं सगळं श्रेय गावाने मला दिलं. विहिरीवर बाया म्हणायच्या, सून गुणाची मिळाली, सासूला बसवून खाऊ घालते, बघा गाल कसे वर आले. आमचा यवतमाळ जिल्हा जुनं राज्य सोडून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची ही गोष्ट. मी नुकती कुठे सतरा-अठराची. असं फुकटचं कौतुक कोण सोडतं? मीही नाही सोडलं.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. मुळात त्या हाडापेराने काटक, शेतात माझ्यापुढे दोन ओळी कापूस वेचत जाणाऱ्या. त्यांचे डोळे सकाळी उठल्या-उठल्या सुजलेले दिसत आणि दुपारपर्यंत उतरत. मग संध्याकाळी पाय भरत. पायातली जोडवी बोटांत रुतायला लागली, तेव्हा साबण लावून ती मीच काढली आणि सोनाराकडून सैल करून आणली. सोनारसुद्धा हसून म्हणाला, की सुखाचं लक्षण आहे. सुजेला सूज म्हणणारं माणूस आमच्यात एकही नव्हतं.

आमचं गाव बोरी अरबपासून कोसभर. घरी कापूस, ज्वारी, तूर, दोन बैलजोड्या, आणि खाणारी माणसं चारच. सासरे, सासू, माझा नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, पण ते मागच्या दाराने बोलणं. समोर जाऊन बोलायची रीत नव्हती. मामाजी कमी बोलत, मोठ्याने बोलत, आणि जेवणाच्या बाबतीत फार चोखंदळ होते. ठेचा झणझणीत हवा, कांदा बुक्कीने फोडलेला हवा, आणि पितळीच्या काठाशी वेगळं मीठ हवं. पितळी म्हणजे आमच्याकडची उंच काठाची पितळेची थाळी. वाढण्याआधीच त्या काठाशी मिठाची चिमूट ठेवावी लागे. ती विसरली तर ते काही बोलत नसत, नुसते हात आखडून बसून राहत. ते जास्त वाईट.

आत्याबाईंचं डोकं फार दुखायचं. मी आले तेव्हापासून नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून. कपाळाला फडकं घट्ट आवळून त्या सगळी कामं करत. बोरीच्या बाजारात किराणावाल्याकडे डोकेदुखीच्या गोळ्या मिळत. बाजाराला जाणाऱ्या माणसाला मीठ-मिरचीसोबत त्याही सांगितलेल्या असत. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि वेचणीच्या दिवसांत दुपारीही एक. गोळी घेतली की त्यांना बरं वाटे. आम्हालाही बरं वाटे, कारण मग घर सुरळीत चाले.

एका हिवाळ्यात कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना त्यांना धाप लागली आणि त्या बांधावरच बसल्या. बसल्या त्या उठेनात. दुसऱ्या दिवशी बैलबंडीने सडकेपर्यंत आणि तिथून मोटरीने आम्ही त्यांना यवतमाळला नेलं. यवतमाळच्या अलीकडचं लोहारा आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, अजून किती लांब. मी म्हटलं, आलंच. त्यानंतर ती वाट आम्ही इतक्यांदा केली, की लोहारा आलं की मला आपोआप जांभई यायची.

डॉक्टर वयस्कर होते, घाई करणारे नव्हते. दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्ताचा दाब मोजला, आणि पुन्हा मोजला. मग काचेच्या नळीत लघवी घेऊन ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. तापली तसा तिच्यात पांढरा साका धरला, अंड्यातला पांढरा बलक धरतो तसा. मामाजी खुर्ची सोडून वाकून बघायला लागले. डॉक्टरांनी समजावलं, की अंगाचं सत्त्व असं लघवीवाटे चाललं आहे. दोन्ही गुर्दे झिजले आहेत. आज नाही, कित्येक वर्षांपासून झिजताहेत. त्यांनी विचारलं, शेवटच्या बाळंतपणात अंगावर सूज आली होती का, झटके आले होते का. आले होते. ते मूल गेलं होतं आणि आत्याबाई कशाबशा वाचल्या होत्या. तेव्हापासूनच दाब वाढलेला असणार, डोकं त्यानेच दुखत असणार, आणि त्या दाबाने गुर्दे गेले असणार, असं ते म्हणाले. गोळ्यांचं ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि त्या बंद करा म्हणाले. त्या गोळ्यांनीही गुर्दा खराब होतो, हे मला फार पुढे, म्हातारपणी कळलं. तेव्हा ते डॉक्टरांनाही पुरतं माहीत होतं की नाही, कोण जाणे.

औषध काय, तर दाबासाठी सर्पगंधेच्या गोळ्या, सूज फार वाढली तर लघवी होण्याचं इंजेक्शन, आणि आराम. बाकी सगळं पथ्यच. मीठ पूर्ण बंद. लोणचं, पापड, खारोड्या, सांडगे बंद. वरण अगदी थोडं, मटण-अंडी नाहीच. पाणी मोजून. झिजलेलं परत येत नाही, उरलंय तेवढं जपा, हे त्यांचं शेवटचं वाक्य. पथ्य नीट झालं तर काही वर्षं निघतील, नाही झालं तर पुढचा उन्हाळाही अवघड. मामाजींनी मान हलवली. परतीच्या मोटरीत त्यांनी माझ्या नवऱ्याकरवी मला निरोप दिला, की आता हिचा जीव सुनेच्या हातात आहे. मी नवऱ्याच्या पलीकडेच बसले होते, मला ऐकू येतच होतं.

झालं. त्या दिवसापासून माझ्या चुलीवर दोन संसार सुरू झाले. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. एक गंज घराचा, एक आत्याबाईंचा. घरच्या भाजीचा चमचा त्यांच्या भाजीत जाऊ नये म्हणून मी त्यांच्या गंजाला चिंधी बांधून ठेवली. भाकरीचं पीठसुद्धा वेगळं मळायचं. अळणी भाजीला चव यावी म्हणून लिंबू पिळ, कोथिंबीर घाल, लसूण जास्त घाल, सगळे प्रयोग केले. त्या बिचाऱ्या नाव ठेवत नसत. पाण्यासाठी एक छोटा गडवा ठरवला होता, सकाळी भरायचा आणि दिवसभर पुरवायचा. यवतमाळचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्यालाच कळेल, की वैशाखात घोट मोजून पिणं म्हणजे काय. त्या ओलं फडकं ओठांना लावून बसत. मी त्यांच्यादेखत पाणी पीत नसे, मागे न्हाणीत जाऊन पिऊन येई.

एवढं करून सूज हटेना. इंजेक्शनने उतरायची आणि पुन्हा भरायची. पोट फुगलं, आडवं झालं की श्वास कोंडायला लागला. डॉक्टर विचारत, पथ्य पाळता ना? आम्ही सगळे एका सुरात हो म्हणायचो. आत्याबाईही हो म्हणायच्या, आणि त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. डॉक्टर पुन्हा म्हणायचे, कुठूनतरी मीठ जातंय. मग आम्ही एकमेकांकडे बघायचो.

त्या बघण्यात हळूहळू सगळ्यांची नजर माझ्यावर स्थिर व्हायला लागली. रांधणारी मी. एका सकाळी मामाजी शेतात निघता-निघता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"सूनबाई, दोन दोन गंज चढवाचा कंटाया येते, मले समजते. पन खरं सांग. तिच्यात मीठ टाकून तं नाही राह्यली तू?"

मी पदर सावरून चुलीकडे तोंड करून बसले होते. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं सांगता येत नाही. धुराने डोळे चुरचुरेस्तोवर, हातांना चटके बसेस्तोवर मी राबत होते, आणि वर हे. माझ्या आईबापांनी मला दुसऱ्याचा जीव घ्यायला शिकवून पाठवलं होतं का? ते गेल्यावर मी लाटणं, पळी, जे हाताला लागलं ते आपटलं. नवऱ्याला सांगितलं, की आजपासून तुमच्या आईचं तुम्ही रांधा. तो बैल सोडायला निघून गेला.

दुपारी मामाजी आणि नवरा जेवून उठले. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. मी रागातच होते. चिंधीवाला गंज मी आत्याबाईंसमोर आणला, त्यातली भाजी बोटावर घेऊन चाटली, त्यांच्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, आणि ठणकावून विचारलं, आहे का यात मीठ? त्या म्हणाल्या, नाही वो, बाई, कोन म्हणते आहे म्हणून. आणि हे म्हणता-म्हणता त्यांनी रोजच्या सवयीने हात लांब करून मामाजींची पितळी पुढे ओढली.

बायकोने नवऱ्याच्या उष्ट्या पितळीत जेवायचं, ही त्या घराची रीत होती. माझ्या माहेरीही होती, गावातल्या बहुतेक घरांत होती. नवऱ्याने जेवून उठताना तिच्या वाट्याचं थोडं पितळीत ठेवायचं, आणि तिने त्यातच आपलं वाढून घ्यायचं. माझा नवरा पितळी इतकी चाटूनपुसून उठायचा, की माझ्या वाट्याला मिरचीचे देठ येत. पण मामाजी शिस्तीचे. रोज चतकोर भाकर, भाजी, ठेच्याचा गोळा, लोणच्याची फोड आणि काठाशी उरलेलं मीठ, असं सगळं आत्याबाईंच्या नावाचं मागे राही. आत्याबाईंनी ती चतकोर भाकर मोडली, काठाचं मीठ तिला लावलं, ठेचा पुसून घेतला आणि खाल्ला. मग गंजातली अळणी भाजी त्याच पितळीत वाढून घेतली. रोज असंच चाललेलं. रोज मी शेजारी बसून बघत होते.

माझा हात थांबला. मी म्हटलं, आत्याबाई, हे काय खाल्लं तुम्ही? त्यांना माझा प्रश्नच समजेना.

"थे काय जेवन हाय का? पितळीतलं तं घ्याच लागते," त्या म्हणाल्या.

त्यांच्या लेखी ते अन्नच नव्हतं. देवाचं तीर्थ घेतलं म्हणून कुणी पाणी प्यायलो म्हणत नाही, तसं. डॉक्टरांनी विचारलं होतं पथ्य पाळता ना, आणि त्यांनी अगदी खरं उत्तर दिलं होतं. आणि आम्ही तिघांनीही. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि शेवटी नुसता थकवा आला. एवढे महिने चिंध्या बांधून मी कोणाशी लढत होते?

संध्याकाळी मामाजी बैठकीत बसले असताना मी दाराआड जाऊन उभी राहिले. नवऱ्याकरवी सांगायचं डोक्यातही आलं नाही. सकाळचा राग अजून ताजा होता.

"मामाजी, मीठ तुमच्या पितळीतून जाऊन राह्यलं," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. त्यांनी माझी माफी वगैरे मागितली नाही, ती त्या काळी सासऱ्यांनी मागायची गोष्टही नव्हती. त्यांनी आत्याबाईंना हाक मारली आणि फर्मान काढलं, की उद्यापासून तू आपली पितळी वेगळी घे.

जन्मभर ज्यांनी त्यांच्या शब्दाला आडवा शब्द दिला नव्हता, त्या आत्याबाई तिथे अडल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या, सुजलेल्या पायांवर.

"धनी जित्ता असून पितळी येगळी मांडू? मंग कपायाले कुंकू तरी कायले लावू?"

नवरा असताना वेगळ्या थाळीत जेवणं त्यांच्या दृष्टीने विधवेचं जेवण होतं, आणि जिवंत माणसाच्या नावाने तसं जेवणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. मामाजी ओरडले. माझ्या नवऱ्याने समजावलं. मीही सांगून पाहिलं, की तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, असू दे. दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळी पितळी पुढे ठेवली, तर त्या जेवल्याच नाहीत. संध्याकाळीही नाही. मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! वाटलं, मरायचंच असेल तर माझ्या डोळ्यांना कशाला धूर. त्याच्या पुढच्या दुपारी मी मामाजींची पितळी मांडली, काठाशी मीठ ठेवलं. त्यांनी ती चिमूट बोटाने उचलून चुलीत टाकली. ती तडतडली.

"आजपासून मले तिच्याच गंजातलं वाढ," ते म्हणाले.

मी वाढलं. ते जेवले, नेहमीसारखी चतकोर भाकर आणि भाजी मागे ठेवून उठले. आत्याबाईंनी पितळी पुढे ओढली, भाकर तोंडात घातली, आणि चावता-चावता थांबल्या. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. त्या डोळे पुसत जेवल्या.

आता याला कुणी त्याग म्हणेल. म्हणो. मी त्या घरात होते, मला माहीत आहे ते कसं होतं. मामाजी रोज कुरकुरत. भाजी आहे की माती, असं रोज विचारत. एकदा तर त्यांनी भाकर भिंतीवर फेकून मारली आणि ती उचलून पुन्हा आणून खाल्ली. लग्नाकार्याला गेले की पंगतीत नुसता भात-साखर खाऊन येत, कारण बाहेर चव लागली तर घरी घास उतरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाळला, चिडका झाला. पितळीत वरणही थोडंच मागे ठेवायचं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं ते मात्र कधी विसरले नाहीत. मीठ त्यांनी पुन्हा काठाशी मागितलं नाही.

आणि सूज उतरली. सगळी नाही, पण आत्याबाई आडव्या होऊन झोपू लागल्या. जोडवी पुन्हा बोटांत फिरायला लागली. पुढच्या उन्हाळ्याची भीती डॉक्टरांनी घातली होती, तो उन्हाळा गेला, आणखीही गेले. माझी दोन मुलं त्यांनी मांडीवर खेळवली. मधल्या काळात मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला, पण आमच्या चुलीवरचे दोन गंज तसेच राहिले. मला सणावारी माहेरी जाता येईना, कारण गंज दुसऱ्या कोणाच्या हाती देता येईना. खरं सांगते, कधी-कधी वाटायचं, सुटेल का यातून कोणी, त्या नाहीतर मी.

उरलेले गुर्देही संपायचे ते संपलेच. आधी जेवणावरची वासना गेली. मग उलट्या, अंगाला खाज, तोंडाला लघवीसारखा वास. बोलता-बोलता झोप लागे. डॉक्टरांनी सांगितलं, की आता करण्यासारखं काही नाही, नागपूरला नेऊनही नाही. आता यवतमाळलाच रक्त धुण्याचं यंत्र आहे, माझ्या नात्यातला एक जण आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन पडतो आणि संध्याकाळी घरी येऊन चहा मागतो. एकाचा गुर्दा दुसऱ्याला बसवतात, तोही चालतो. हे ऐकते तेव्हा मला आनंदही होतो आणि जरा हेवाही वाटतो. घरातल्या प्रत्येकाला मी तिशीनंतर दाब आणि साखर तपासायला पिटाळते, डोकेदुखीची गोळी कुणी सारखी घेताना दिसलं की हातातून काढून घेते. घरात मला खडूस म्हणतात. पण आमच्या वेळी पितळीतलं मीठ काढून घेणं हाच काय तो इलाज होता.

डॉक्टर म्हणाले, आता जे मागतील ते द्या. आत्याबाईंनी ठेचा मागितला. मी हिरव्या मिरच्या भाजल्या, लसूण घातला, आणि कितीतरी वर्षांनी आत्याबाईंच्या नावाने मीठ घातलं. तरी त्या आधी घेईनात, मामाजींकडे बोट दाखवलं. त्यांना खाटेजवळ पितळी वाढली. ते चार घास जेवले, चतकोर मागे ठेवली. तिला ठेचा लावून मी घास आत्याबाईंच्या तोंडात घातला. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"खारट झालं वो," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मामाजीही म्हणाले, की हो, मलेबी खारटच लागला.

त्या आठवड्यात त्या गेल्या. बाया म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. मी तिथून उठून गेले.

तेरवीला गावजेवण झालं. पंगती उठल्यावर मामाजींना मी घरात पाट मांडून वाढलं. चिंधीचा गंज मी घासून माळ्यावर टाकला होता, एकच भाजी होती, मीठ घातलेली. ते सावकाश जेवले. मग चतकोर भाकर काठाशी सारली, तिच्याजवळ भाजी ठेवली, उठले, बाहेर जाऊन हात धुतले. मी पितळीपाशी उभी राहिले. ती कोणापुढे ओढायची, मला समजेना.

मामाजी हात पुसत परत आले. हात धुतल्यावर त्याच पानावर पुन्हा बसायचं नसतं, आणि हे नियम त्या घरात तेच सांगणारे. ते पाटावर बसले आणि ती चतकोर भाकर भाजीला लावून शेवटपर्यंत खाल्ली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्या घरात आल्यापासून मामाजी पहिल्यांदा रिकामी पितळी सोडून उठले.